सहाबारीला लावलेलं करडीचं तेल

"मी पाणी घालून बिघडवली? असं सांगितलं तुम्ही?"

"हळू बोल. मलप्पा ओट्यावर हाय."

"असू द्या की! त्याच्यासमोरच सांगितलं ना ठाण्यात? आता त्याच्या कानाची काळजी कशाला करायलाव?"

"तारा, पिशवी तरी ठेव खाली."

"न्हाई ठेवत. आधी सांगा. माझं नाव घेतलं का न्हाई?"

"नाव न्हाई घेतलं. बायको म्हणलं."

"मग किती बायका हायत तुम्हाला?"

ओट्यावर मलप्पा खोकला. तो खोकला हसू दाबल्याचा होता हे आत स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मलाही कळलं.

तारामती माझी मावशी, हणमंतराव तिचा नवरा, म्हणून माझे काका. मावशी लातूरहून आत्ता येत होती. तिथं धाकट्या लेकीचं, शिल्पाचं, बाळंतपण उरकून दोन महिन्यांनी. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून घर चालत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत काकांच्या मित्राच्या, मलप्पाच्या बायकोनं, मल्लम्मानं, तिला गाठलं होतं. "अक्का, तुम्ही म्हणं सहाबारी धुण्याच्या बादलीत बुडवून ठेवली! ठाण्यात लई हसले म्हणं लोक." मावशी दारात आली ती चप्पल न काढताच.

सहाबारी म्हणजे काकांचं ठासणीचं रिव्हॉल्वर. काकांचे आजोबा निजामाच्या काळात पोलीस पाटील होते, तेव्हापासून ते घरात आहे. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून काकांकडे, परवान्यासकट. त्याच्या चक्राला सहा घरं. प्रत्येक घरात काळी दारू वेगळी भरायची, ठासायची, मागे दारू पेटवणारी तांब्याची टोपी लावायची. एवढी उठाठेव करून बार काढला की धूर इतका होतो, की पाच मिनिटं काका कुठं उभे आहेत ते दिसत नाही. उदगीरकडच्या त्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं उतरतात. काका बांधावर जाऊन गोळी न घालता नुसत्या दारूचे दोन-तीन बार काढतात, आणि कळप पळतो.

खरी सहाबारी दिसायची ती खंडेनवमीला. पाटावर लाल फडकं, फडक्यावर ती, आणि बाजूला धोतर-फेटा घालून काका. गाव बघायला यायचं. शंभर वर्षांचं लोखंड आणि कुठं ठिपका नाही. चक्र बोटानं ढकललं की गिरणीच्या चाकासारखं अलगद फिरायचं.

"हत्याराला जीव लावावा लागतोय," काका म्हणायचे. "लेकरावानी. वापरलं की त्याच दिवशी साफ. उद्यावर टाकलं की संपलं."

"हात लई साफ हाय तुझा हणमंता," लोक म्हणायचे.

काका मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसायचे. मावशी उंबऱ्याच्या आत उभी असायची, चहाचा ट्रे घेऊन. त्या दिवशी बाईनं हत्याराला शिवायचं नसतं.

उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं कुणी विचारलं नव्हतं.

बार काढून काका घरी आले की सहाबारी मावशीसमोर ठेवायचे आणि अंघोळीला जायचे. काळ्या दारूची काजळी साधी नसते, तिच्यात क्षार असतो. हवेतली ओल ओढून घेतो आणि लोखंड खातो. तो तेलानं जात नाही, गरम पाण्यानंच जातो. हे मावशीला तिच्या सासऱ्यांनी शिकवलं होतं. त्यांनी आधी लेकाला शिकवायला घेतलं होतं, पण काका तेव्हा पंचविशीतले, कपड्यांना इस्त्री असलेले. हात काळे होतात म्हणून उठून गेले. तिसऱ्या दिवशी म्हातारा सुनेला म्हणाला, "तू बस इथं."

म्हणून चुलीवर उकळतं पाणी, रिठ्याचा फेस, दात घासायचा जुना ब्रश, बाभळीच्या काडीला गुंडाळलेली धोतराची चिंधी. धुऊन झालं की तव्याच्या उबेवर वाळवणं, आणि शेवटी वाटीतून दोन थेंब तेल. अशी तीस वर्षं.

हे मला आत्ता सगळं माहीत आहे. आम्ही ठाण्यात गेलो त्या दिवशी नव्हतं.

परवान्याचं नूतनीकरण आलं होतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा म्हणून काकांनी मला बोलावून घेतलं होतं आणि उदगीरला बरोबर नेलं. मलप्पाही होता, त्याच्या लांब नळीच्या बंदुकीसह. त्याचंही नूतनीकरण होतं. ठाण्यातले जमादार विदर्भाच्या सीमेवरच्या इस्लापूरकडचे, बोलणं तिकडचं.

"काय करून राहिले पाटील, पिशवी उघडा की. टेबलावर ठेवा. नळी भिंतीकडं. हां. आता चक्र फिरवून दाखवा."

काकांनी बोटानं ढकललं. चक्र हललं नाही. अंगठा लावला. दोन्ही हात लावले. कपाळावर घाम आला.

"डिंक लावला काय हो?" जमादार म्हणाले.

बाकावरचे दोन होमगार्ड पुढं सरकले. मलप्पाही. "अय्यो, हणमंता! तुझी सहाबारी? खंडेनवमीला तर पाण्यावानी फिरत होती."

"कोण साफ करतं हे?" जमादारांनी विचारलं.

काकांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "बायको, साहेब. अडाणी बाई हाय. पाणी घातलं त्यात."

"लोखंडाला पाणी?"

"काय सांगावं."

"भांड्यांत टाकून घासलं असंल," जमादार म्हणाले, "कढई, तवा, परात, रिव्हॉल्वर!"

सगळे हसले. तक्रार द्यायला आलेली एक बाई डोळे पुसता पुसता हसली. काका त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मला काही माहीत नव्हतं हे खरं, पण हसले ते हसलेच.

मग जमादारांचा आवाज बदलला. "हे बघा पाटील, परवाना तुमच्या नावावर हाय. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. आठ दिवसांत चालू करून आणा. न्हाई तर तसा शेरा मारून वर पाठवतो, मग नूतनीकरण विसरा."

हे असं झालं होतं, आणि आता मावशी पिशवी हातात धरून उभी होती.

"तू बी होतीस ना तिथं?" तिनं मला विचारलं.

"हाव, मावशी."

"हसलीस?"

खोटं बोलायला अर्धा क्षण मिळाला होता, तो मी वापरला नाही. "हाव."

"बरं."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं पिशवी खाली ठेवली, ट्रंकेतून सहाबारी काढली आणि नाकाशी नेली. मग चक्राच्या फटीत नख घालून खरवडलं. नखात पिवळट, चिकट साल आली. तिनं ती दोन बोटांत चोळली.

"करडी," ती म्हणाली. "करडीचं तेल वतलंव तुम्ही ह्याच्यात?"

काका सदऱ्याचं बटण चाचपू लागले.

"कुणी सांगितलं?"

"तू वाटीत तेल घेऊन बसतीस की. मला दिसतंय."

"ते मशीनचं तेल! माझ्या शिवणाच्या मशीनचं! दोन थेंब! तुम्ही किती वतलं?"

"वाटी."

"वाटी!" मावशी मटकन पाटावर बसली. "आवो, करडीचं तेल वाळलं की लाखंवानी धरतंय. तेलाच्या डब्याचं झाकण बघा, कढईचा काठ बघा. कुण्या बी बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आणि आधी धुतलं व्हतं का?"

"लोखंड धुवावं कसं?"

"मग मी गरम पाणी कशाला ठेवते तीस वर्षं?"

"मला वाटलं," काका म्हणाले आणि थांबले. "मला वाटलं, तुला हात धुवायला."

चुलीवरच्या त्या पाण्याबद्दल काकांनी तीस वर्षं हाच समज करून घेतला होता. मावशीनं सहाबारी मांडीवर ठेवली.

"रोज फोन करत होता तुम्ही," ती म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता. "मीठ कुठंय. बीपीची सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली. पिठाचा डबा कुठला. हे एवढं विचारता आलं न्हाई?"

"मलप्पा बसला होता समोर."

दीड महिन्यापूर्वीची ती संध्याकाळ मला नंतर मलप्पाकडूनच कळली. डुकरं हरभऱ्यात आली होती. काकांनी तीन बार काढले आणि मलप्पाला घेऊन घरी आले. मलप्पा म्हणाला, "आज बघू दे की, कसं साफ करतोस ते. वहिनी न्हाई घरात, निवांत बसतो." बायकोला फोन लावून विचारायचं, तेही मलप्पाच्या देखत? मग काकांनी नळीत चिंधी फिरवली, काजळी होती तशीच ठेवून वर वाटीभर तेल ओतलं, लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत घातलं. "झालं," म्हणाले. ट्रंक पत्र्याखाली. पत्रा दिवसभर तापतो. "मला वाटलं, असंच करत असंल," मलप्पा मला म्हणाला. "मी बी घरी जाऊन तेवढंच तेल घातलं. बायकोनं पुसून काढलं म्हणून वाचलं."

मावशी आली त्या दिवशी दुपारी काका जेवले नाहीत. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मावशीच्या समोर येऊन बसले.

"आठ दिवस हायत तारा."

"करा की मग. तुमचा हात लई साफ हाय."

"टोमणे मार. मार. पर काढून दे एवढं."

"एक अट हाय."

"बोल."

"ठाण्यात ज्या लोकांसमोर मला अडाणी म्हणलाव, त्याच लोकांसमोर एक वाक्य बोलायचं. तेल मी घातलं होतं. बास. धुतंय कोण ते सांगू नका. कायदा हाय, मला बी कळतंय. तीस वर्षं तुमचं नाव चाललं, चालू द्या. पर ती मी बिघडवली न्हाई. तुमच्या बापानं माझ्या हातात दिली होती ती."

"सांगतो."

"शपथ?"

"तुझी शप्प—"

"माझी नको. त्यांची घ्या."

काकांनी भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं आणि हलक्या आवाजात वडिलांची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोतं अंथरलं. मावशी पाटावर बसली आणि हात पदरात गुंडाळून घेतले.

"मी शिवणार न्हाई. परवाना तुमचा. होऊ द्या हात काळे."

"मला येत न्हाई."

"मला बी येत नव्हतं. आधी काय बघायचं?"

"काय?"

"भरलेली हाय का रिकामी! चक्र हलंना, टोपी न्हाई म्हणून झालं का? काडी घाला सहाही घरांत. बुडाला लागती का बघा."

लागली, सहाही घरांत; म्हणजे रिकामी. मग नळी जोडणारी पाचर निघेना. मावशीनं धुण्याची मोगरी आणायला सांगितली, तिला फडकं गुंडाळायला सांगितलं, आणि कुठं, किती हळू मारायचं ते बोटानं दाखवलं. काकांनी पहिला घाव जोरात घातला.

"नारळ फोडायलाव का?"

मग हळू. पाचर निघाली. नळी सुटली, पण चक्र दांड्याला धरून बसलं होतं. मलप्पाकडून वाटीभर रॉकेल आलं आणि सहाबारी रात्रभर त्यात राहिली. सकाळी चक्र ओढल्यावर निघालं. त्याखाली जे दिसलं ते बघून काकांनी मान फिरवली. तेलाची साल, तिच्याखाली काजळी, काजळीखाली तांबडा गंज.

"तिकडं काय बघायलाव? इकडं बघा. पाणी उकळलंय."

काका उकिडवे बसून घासत राहिले. बनियन काळी, मिशी काळी, पाणी शाईसारखं. टोपी बसते ती सहा बारकी बोंडं एकेक करून काढायची होती. एक त्यांच्या हातून निसटून मोरीत गेलं, आणि छप्पन्न वर्षांचा माणूस पालथा पडून मोरीत बोटं घालून चाचपडू लागला. मावशी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. काकाही हसले, मोरीत तोंड असतानाच.

"बाबा तुला शिकवत होते तवा मी कुठं असायचो?" त्यांनी मध्येच विचारलं.

"उदगीरला. सिनेमाला. तांबड्या जागी राख लावा, चाळलेली. तेलात कालवून. रगडू नका."

तिसऱ्या दिवशी जोडणी झाली. मशीनच्या तेलाचे दोन थेंब पडले. काकांनी घोडा अर्धा ओढला, बोट लावलं आणि चक्र फिरलं. आधी कुरकुरत, मग मोकळं. काका लहान पोरासारखे माझ्याकडं वळले. "फिरलं! बघितलंस? फिरलं!"

मावशीनं सहाबारी उन्हात तिरपी धरायला लावली. चक्राच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसत होते.

"हे जात न्हाईत आता," ती म्हणाली.

सातव्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. मावशीनं लातूरला बारशासाठी घेतलेली साडी नेसली होती. तिला आत बोलावलेलं नव्हतं, पण ती आली आणि दाराजवळच्या बाकावर बसली. तेच जमादार, तेच दोघं होमगार्ड. मलप्पाही आला होता. त्याला त्या दिवशी ठाण्यात काही काम नव्हतं.

काकांनी सहाबारी काढली. नळी भिंतीकडं. चक्र फिरवलं.

"वा पाटील!" जमादार उठूनच उभे राहिले. "काय केलं हो? मला वाटलं भंगारात गेलं हे."

काका मावशीकडं बघत नव्हते. मी बघत होते. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, जसं शाळेत नाव पुकारायची वेळ आल्यावर मुली बसतात.

"केलं, साहेब," काका म्हणाले. "तीन दिवस घासलं. हे बघा हात."

"दिसून राहिलं." जमादारांनी कागद पुढं ओढला. "आणि आता त्या बाईला पाणी घालू देऊ नका."

त्यांना माहीत नव्हतं ती बाई चार हातांवर बसली आहे. ते शिक्का शोधत होते. खोलीत कुणी घाई करत नव्हतं. एक वाक्य मावलं असतं, दोनही मावली असती. काकांनी ओठ ओले केले. मला वाटलं, आता.

"न्हाई न्हाई," काका म्हणाले. "आता हातच लावू देत न्हाई तिला."

शिक्का पडला.

मावशी उठली, पदर नीट केला आणि बाहेर गेली. मी तिच्या मागं गेले. चहा घेऊ, म्हणाले. समोर टपरी होती. ती नको म्हणाली नाही. मागून काका आले, पिशवी पोटाशी धरून, आणि त्यांच्या मागं मलप्पा.

चौघं एका बाकड्यावर. चहा आला. काकांनी मावशीपुढं बिस्किट धरलं, तिनं घेतलं नाही. ते त्यांनी स्वतःच्या चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

"साहेबांसमोर कसं बोलणार," ते ग्लासात बघून म्हणाले. "शेरा मारला असता तर?"

"तेल मी घातलं म्हणल्यावर कसला शेरा?" मावशी म्हणाली.

काका बिस्किट चमच्यानं काढू लागले.

मलप्पा इकडून तिकडं बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. हसला होता, बायकोला सांगितलं होतं, पण ती वाटी त्यानं डोळ्यानं बघितली होती, आणि आठवडाभर ती त्याच्या डोक्यात फिरत असणार. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"वहिनी, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही खरंच पाणी घातलं होतं का?"

"तुमच्या मित्राला विचारा, भावजी."

"हणमंता?" मलप्पा वळला. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. "इथं साहेब न्हाई, कुणी न्हाई. आपलीच माणसं. खरं काय ते सांग की. त्या दिवशी वाटीत काय होतं?"

टपरीवाल्यानं गाळणी आपटली. मावशी काकांकडं बघत होती. ठाण्यातून बाहेर आल्यापासून पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडं. रागानं नाही. ती वाट बघत होती, आणि अजून थोडा वेळ बघायची तिची तयारी होती, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं.

काकांचे कान लाल झाले. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या, त्या त्यांनी मुठीत घेतल्या.

"सांगा की," मावशी म्हणाली.

काका उठले. पिशवी खांद्याला अडकवली, अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून स्टँडच्या दिशेनं चालू लागले.